दहा टक्क्यांच्या खाली

(दृश्य: ट्रेलरचं काळं-पांढरं क्ष-किरण चित्र. संगीत नाही.)

हे चित्र एका ट्रेलरचं आहे, क्ष-किरणांनी काढलेलं. वरचे फिकट ठोकळे म्हणजे मालाच्या पेट्या. आता नजर खाली आणा. ट्रेलरचा तळ जेवढा जाड दिसायला हवा, त्याहून मागच्या बाजूला किंचित जास्त जाड दिसतोय. पहिल्या वेळी हे लक्षात येत नाही. दिवसभर अशी चित्रं पाहणाऱ्या माणसाला मात्र ते खटकतं.

असंच एक चित्र 26 जानेवारी 2019 च्या सकाळी अॅरिझोनातल्या नोगालेसमध्ये कुणाला तरी खटकलं.

मेक्सिकोतून अमेरिकेत येणारा हिवाळी भाजीपाला मोठ्या प्रमाणावर इथल्या मारिपोसा नाक्यातून जातो. त्या शनिवारी काकड्यांनी भरलेला एक ट्रक जास्तीच्या तपासणीसाठी बाजूला घेतला गेला. पडद्यावर मालात काहीतरी वेगळं दिसलं. मग कुत्रा आणला. त्यानं इशारा दिला. तळाखालचा चोरकप्पा उघडला, तेव्हा आत सुमारे 115 किलो फेंटानिल निघालं आणि त्याच्या जोडीला सुमारे 180 किलो मेथॅम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ. फेंटानिलची इतकी मोठी जप्ती सीमाशुल्क आणि सीमा संरक्षण विभागानं, म्हणजे सीबीपीनं, तोवर कधीच केली नव्हती.

फेंटानिल हे मुळात औषध. 1960 च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर आजही वापरलं जातं. ताकद मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट. दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात. 115 किलोला दोन मिलिग्रॅमनं भागून किती माणसं मेली असती, ते सांगण्याची पद्धत आहे. आम्ही ते करत नाही. जप्त झालेली पावडर शुद्ध फेंटानिल नसते. त्यात भेसळ असते, आणि पुढचं सगळं त्या भेसळीवरच फिरतं.

(दृश्य: सान इसिद्रो, ड्रोनमधून. गाड्यांच्या रांगा.)

हे सान इसिद्रो. दक्षिणेला मेक्सिकोतलं तिहुआना, उत्तरेला अमेरिकेतलं सान डिएगो. उत्तरेकडे जाणाऱ्या 34 लेन मोजा. रोज सुमारे 70 हजार माणसं गाड्यांतून आणि 20 हजार पायी इथून अमेरिकेत जातात. कुणी कामाला, कुणी शाळेला, कुणी आजीला भेटायला. बूथमधल्या अधिकाऱ्याला एका गाडीमागे मिळतात ती काही सेकंदं. कागद बघायचे, चेहरा बघायचा, दोन प्रश्न विचारायचे आणि ठरवायचं: सोडायची की बाजूला घ्यायची.

सीमेवरचे अमली पदार्थ म्हटलं की डोळ्यांसमोर वाळवंट येतं, रात्र येते, पाठीवर पोती घेतलेली माणसं येतात. आम्ही वाळवंटात कॅमेरा लावला नाही, कारण सीमेवर पकडलेल्या फेंटानिलपैकी सुमारे नव्वद टक्के अशा अधिकृत दारांवर सापडतं. साध्या मोटारीत, ट्रकमध्ये, सीटखाली, पेट्रोलच्या टाकीत, दाराच्या पत्र्यामागे. आणि ते आणल्याबद्दल अमेरिकेत शिक्षा झालेल्यांमध्ये बहुसंख्य अमेरिकन नागरिकच आहेत. दार उघडं ठेवावंच लागतं. म्हणून ज्यांना उपाय हवा आहे त्यांनी आधी या दाराकडे बघावं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात. पिशवीत पांढरी पावडर.)

गाडी बाजूला घेतली. पुडी सापडली. आता ती काय आहे?

पूर्वीची रीत अशी: पुडी उघडायची, चिमूटभर पावडर काढायची, त्यावर रसायनाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. रंगावरून अंदाज. खात्री हवी असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि वाट बघायची. हेरॉइन, कोकेनच्या काळात हे चालून गेलं. फेंटानिल आल्यावर पुडी उघडणं हाच घोर झाला. पावडर उडाली तर, हातमोजा फाटला तर, ही धास्ती प्रत्येक नाक्यावर होती. अधिकारी आपल्याजवळ नॅलोक्सोन बाळगू लागले. ओपिऑइडचा, म्हणजे फेंटानिल, हेरॉइनसारख्या पदार्थांचा, परिणाम उलटवणारं हे औषध. कुत्र्यांसाठीही ते ठेवलं जाऊ लागलं.

(दृश्य: हातातलं यंत्र. पिशवीवर टेकवलेलं टोक. पडद्यावर उमटणारी वळणदार रेघ.)

आणि हे ते यंत्र. हातात मावणारं. पिशवी न उघडता, प्लास्टिकच्या आरपार लेझरचा किरण पावडरीवर पडतो. बहुतेक प्रकाश जसा गेला तसाच परत येतो. पण कोट्यवधी कणांमागे एखाददुसरा प्रकाशकण आपला रंग किंचित बदलून येतो, आणि किती बदलायचा हे पदार्थाचा रेणू ठरवतो. म्हणून प्रत्येक पदार्थाची रेघ वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. यंत्रात हजारो पदार्थांच्या रेघा साठवलेल्या असतात. जुळली, की नाव पडद्यावर.

28 फेब्रुवारी 1928 रोजी कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांना जे दिसलं, ते हेच. तेव्हा त्यासाठी सूर्यप्रकाश, भिंगं आणि अंधारी खोली लागली होती. आज तेच तत्त्व मेक्सिकोच्या सीमेवर एका अधिकाऱ्याच्या मुठीत आहे. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवलं आहे.

ही यंत्रं नाक्यांवर होती, पण मोजकी. हव्या तितक्या संख्येनं ती यायची तर पैसा हवा आणि पैशासाठी कायदा हवा. 2017 मध्ये सिनेटमध्ये डेमोक्रॅट एड मार्की आणि रिपब्लिकन मार्को रुबिओ यांनी, आपापल्या पक्षातल्या सहकाऱ्यांना घेऊन, एक विधेयक मांडलं. प्रतिनिधिगृहात निकी त्सोंगास आणि ब्रायन फिट्झपॅट्रिक यांनी तेच नेलं. इथेही एक पक्ष इकडचा, एक तिकडचा. नाव इंटरडिक्ट. 10 जानेवारी 2018 रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यावर सही केली. तरतूद 90 लाख डॉलरची. अमेरिकेच्या खर्चाच्या पसाऱ्यात ही रक्कम नजरेतही भरत नाही.

पण मजकूर वाचा. यंत्रं पुरवा, हे तर आहेच. त्याच्या पुढचं कलम आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. नाक्यावरून आलेल्या तपासणीच्या निकालाचा अर्थ लावायला वैज्ञानिक हवेत, आणि नाक्यांचं काम चालू असेल तेवढा सगळा वेळ ते उपलब्ध हवेत. पहाटे तीन वाजता यंत्रानं गोंधळलेली रेघ दाखवली, तर अधिकाऱ्यानं फोन करावा आणि पलीकडे कुणीतरी तो उचलावा. ज्यांनी हे कलम लिहिलं, त्यांनी नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकलं होतं, हे त्यातून कळतं.

(दृश्य: टपाल केंद्र. सरकता पट्टा. पार्सलं.)

हा पट्टा न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरच्या टपाल केंद्रातला. त्या वर्षांमध्ये फेंटानिल दोन रस्त्यांनी यायचं. एक रस्ता जमिनीवरचा. दुसरा हा: चीनमधून निघालेलं छोटं पार्सल. 2002 च्या कायद्यानं खासगी कुरिअर कंपन्यांवर पार्सलची माहिती आगाऊ, संगणकावर देण्याचं बंधन आलं होतं. पाठवणारा कोण, घेणारा कोण, आत काय. सरकारी टपाल त्यातून सुटलं. परदेशातल्या टपाल खात्यांकडून ही माहिती येईचना. लाखो पार्सलांत शोधायचं काय आणि कुठून? जानेवारी 2018 मध्ये सिनेटच्या उपसमितीनं, रॉब पोर्टमन आणि टॉम कार्पर यांच्या नेतृत्वाखाली, याची चौकशी करून अहवाल दिला. इंटरनेटवरचे विक्रेते गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगत होते की माल टपालानं पाठवू. दार कुठलं उघडं आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला स्टॉप कायदा आला. 2018 च्या अखेरीस सत्तर टक्के परदेशी पार्सलांची आणि चीनमधून येणाऱ्या सगळ्याच पार्सलांची आगाऊ माहिती, 2020 च्या अखेरीस शंभर टक्के. पुढे 1 मे 2019 पासून चीननं फेंटानिल गटातल्या सगळ्या पदार्थांवर एकत्र नियंत्रण आणलं. टपालाचा रस्ता आटत गेला. चीनमधून तयार मालाऐवजी कच्ची रसायनं मेक्सिकोत जाऊ लागली, आणि तयार माल जमिनीवरून, गाडीतून, भेसळ होऊन येऊ लागला.

(दृश्य: पुन्हा तेच यंत्र. पडद्यावर अस्पष्ट रेघ.)

टपालातून येणारं फेंटानिल बहुधा नव्वद टक्क्यांहून शुद्ध असायचं. यंत्र टेकवलं की रेघ स्पष्ट. दक्षिण सीमेवरचं फेंटानिल बहुतेक वेळा दहा टक्क्यांहूनही कमी. बाकीचं साखरेसारखं काहीतरी, किंवा वेदनाशामक औषध, किंवा गोळी बांधायची भुकटी. भेसळीच्या गोंगाटात फेंटानिलची रेघ बुडून जाते. मालात हेरॉइन असेल तर ते लेझरखाली स्वतःच चमकतं आणि उरलंसुरलं झाकून टाकतं.

सप्टेंबर 2019 मध्ये गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी हे कागदावर आणलं. नाक्यांवर दिलेली छोटी यंत्रं दहा टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणातलं फेंटानिल ओळखू शकत नाहीत. इंटरडिक्ट कायद्यावर सही होऊन तेव्हा पावणेदोन वर्षंही झाली नव्हती. यंत्र खोटं नव्हतं. ज्या विषासाठी ते घेतलं, ते टपालातलं होतं. समोर येत होतं ते दुसऱ्या रस्त्याचं.

या एका आकड्यानं आम्हाला फार अस्वस्थ केलं, म्हणून फिल्मला त्याचंच नाव दिलं. यंत्राचा पडदा 'काही आढळलं नाही' म्हणतो, मागे चाळीस गाड्या भोंगे वाजवतायत आणि हातातली पुडी खरी आहे. त्या क्षणी अधिकाऱ्याला आपल्या अनुभवावर विश्वास ठेवायची मुभा हवी आणि नमुना जवळच्याच प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय हवी. सीबीपीनं नाक्यांजवळ छोट्या प्रयोगशाळा उभारल्या, त्या याच गरजेतून.

(दृश्य: कुत्रा. गाडीभोवती फेरी. तो थांबतो. बसतो. निवेदन थांबतं. फक्त आवाज.)

2017 पासून सीबीपीनं आपल्या कुत्र्यांना फेंटानिलचा वास शिकवायला सुरुवात केली. टेक्ससमधल्या एल पासोला आणि व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलला त्यांची प्रशिक्षण केंद्रं आहेत. वास सापडला की भुंकायचं नाही, ओरखडायचं नाही. शांत बसायचं. टक्केवारीचा प्रश्न त्याच्यापुढे यंत्रासारखा येत नाही. पण तो दमतो. अॅरिझोनाच्या उन्हात डांबरी रस्त्यावर त्याची पाळी छोटीच ठेवावी लागते.

(दृश्य: मोठी कमान. ट्रक न थांबता तिच्यातून जातो.)

म्हणून ही कमान. जुन्या पद्धतीत चालकाला उतरवून मग ट्रकवर क्ष-किरण सोडायचे. इथे तो ट्रक चालवत पार जातो. केबिनवर कमी शक्तीचे किरण, मागच्या मालावर जास्त शक्तीचे. चित्र दुसऱ्या इमारतीत बसलेल्या माणसापुढे उमटतं. दीर्घकाळ सीमेवर प्रवासी गाड्यांपैकी जेमतेम एक-दोन टक्के आणि मालट्रकांपैकी सुमारे पंधरा टक्केच अशा तपासणीतून जात होते. 5 जानेवारी 2021 रोजी सही झालेल्या सिक्युअरिंग अमेरिकाज पोर्ट्स कायद्यानं खात्याला सांगितलं की जमिनीवरच्या नाक्यांवर शंभर टक्के गाड्या तपासण्याची योजना द्या. सीबीपीनं पहिला टप्पा ठरवला प्रवासी गाड्यांसाठी चाळीस टक्के, मालट्रकांसाठी सत्तर टक्के.

यंत्रं विकत घेतली गेली. 2024 च्या मार्चमध्ये सीबीपीच्या प्रभारी आयुक्तांनी जाहीरपणे सांगितलं की त्यातली काही गोदामात पडून आहेत. ती उभी करायला सुमारे 30 कोटी डॉलर लागतील आणि ते संसदेनं तेव्हा मंजूर केलेले नव्हते. त्या गोदामात आम्हाला कॅमेरा नेता आला नाही. काँक्रीटचा पाया, वीज, तारा, पडद्यापुढे बसणारी माणसं, या गोष्टी भाषणात येत नाहीत. कायदा लिहिताना त्या धरायलाच हव्यात.

(दृश्य: भिंतीवर लावलेले फोटो. तरुण चेहरे. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनानं 2017 मध्ये 70 हजारांहून अधिक माणसं गेली, 2021, 2022 आणि 2023 मध्ये दर वर्षी एक लाखाहून अधिक, 2024 मध्ये सुमारे 80 हजार.

(निवेदन नाही. दहा सेकंद.)

डिसेंबर 2024 मध्ये आणखी एक कायदा झाला. डिटेक्ट फेंटानिल. गृहसुरक्षा खात्याच्या विज्ञान विभागाला त्यानं काम दिलं आहे: फेंटानिल आणि झायलाझिन ओळखणाऱ्या यंत्रांवर संशोधन करा, आहेत ती तपासा, सुधारा, संगणकाला चित्रं वाचायला शिकवा. झायलाझिन हे जनावरांना गुंगी आणणारं औषध, आता फेंटानिलमध्ये मिसळलं जाणारं. जुलै 2025 च्या मोठ्या खर्च कायद्यात नव्या तपासणी यंत्रांसाठीही पैसा धरला गेला.

(दृश्य: रात्र. सान इसिद्रो. एक लेन.)

गाडी बाजूला घेतली आहे. चालक बाकावर बसलाय. सीटखालून निघालेल्या निळ्या गोळ्यांची पिशवी टेबलावर आहे. अधिकारी यंत्र टेकवतो, थांबतो, पुन्हा टेकवतो. पडद्यावर नाव येत नाही. तो पिशवीवर चिठ्ठी चिकटवतो, तारीख आणि वेळ लिहितो आणि फोन उचलतो.

(पलीकडून कुणीतरी उत्तर देतं. चित्र काळं.)