सायडरची पारख : जोडीने चाखण्याविषयी

मित्रहो, सफरचंदाचा रस आंबवून तयार होणाऱ्या सायडर या पेयाविषयी मी आज बोलणार आहे. मी सायडर बनवत नाही आणि विकतही नाही. इंग्लंडच्या पश्चिम भागात राहायला आल्यावर हेरफर्डशर आणि सॉमरसेटमधल्या बागा हाताशी आल्या, तिथल्या सायडरची गोडी लागली, आणि एक सायडर दुसरीहून वेगळी का लागते हे समजून घेण्याचा छंद जडला. त्या छंदातून माझे एक मत पक्के झाले आहे. सायडर एकेकटी चाखून तिच्याविषयी फारसे कळत नाही. ती जोडीने चाखावी लागते, आणि जोडीही अशी निवडावी लागते की दोन पेल्यांमध्ये शक्यतो एकाच बाबतीत फरक असेल. बऱ्याच बाटल्या ओळीने मांडून त्यांना गुण देत जाण्यात मौज असते, पण थोड्याच वेळात जीभ थकते आणि जी सायडर अधिक गोड तिच्या पारड्यात गुण पडू लागतात.

सुरुवात फळापासून करावी, कारण खाण्याचे सफरचंद आणि सायडरचे सफरचंद यांत मोठे अंतर आहे. सॉमरसेटमध्ये निपजलेल्या डॅबिनेट या जातीचे फळ आकाराने लहान असते आणि त्याची साल मळकट तांबूस असते. त्याचा चावा घेतला की पहिल्या क्षणी भरपूर गोडी जाणवते आणि आंबटपणा जवळजवळ जाणवतच नाही. मात्र घास चावून होईपर्यंत हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडून आखडू लागते, जांभळे खाल्ल्यावर आखडते तशी. हा टॅनिनचा, म्हणजे फळातल्या तुरट-कडवट द्रव्यांचा, परिणाम. चावलेले फळ हातात धरून ठेवले तर थोड्या वेळात त्याचा गर गडद तपकिरी होतो, कारण ही द्रव्ये हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात. असे फळ खाण्यासाठी कोणी विकत घेणार नाही, परंतु सायडरला जो भरीवपणा येतो तो याच टॅनिनमुळे.

ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन येथे १९०३ साली राष्ट्रीय फळ व सायडर संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक बी. टी. पी. बार्कर यांनी सायडरच्या सफरचंदांची जी वर्गवारी केली ती आजही वापरात आहे. रसातले मॅलिक आम्ल (सफरचंदाला आंबटपणा देणारे आम्ल) ०.४५ टक्क्यांहून कमी की जास्त आणि टॅनिन ०.२ टक्क्यांहून कमी की जास्त, एवढ्या दोन प्रश्नांवर ती उभी आहे. दोन्ही कमी असतील तर फळ गोड. आम्ल जास्त आणि टॅनिन कमी असेल तर आंबट. टॅनिन जास्त आणि आम्ल कमी असेल तर कडूगोड. आणि दोन्ही जास्त असतील तर कडूआंबट. डॅबिनेट आणि यारलिंग्टन मिल या कडूगोड जाती, किंग्स्टन ब्लॅक आणि फॉक्सव्हेल्प या कडूआंबट, तर इंग्रजी स्वयंपाकघरात ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थासाठी वापरले जाणारे ब्रॅम्ली आंबट. ही संस्था २००३ साली बंद झाली याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सायडरकडे इतक्या चिकाटीने पाहणाऱ्या संस्था जगात फारशा नाहीत.

ही वर्गवारी जिभेवर उतरवायची असेल तर पहिली जोडी इंग्लंडच्या दोन टोकांची घ्यावी. केंट, सफोक या पूर्वेकडच्या भागांत सायडरसाठी परंपरेने खाण्याची आणि स्वयंपाकाची सफरचंदे वापरतात. पश्चिमेकडे खास सायडरसाठी राखलेल्या टॅनिनयुक्त जाती वापरतात. दोन्ही बाटल्या ड्राय, म्हणजे साखर न उरलेल्या, आणि शक्यतो बिनफेसाच्या घ्याव्यात. पूर्वेकडची सायडर बहुधा फिकट, पातळ आणि पांढऱ्या वाइनच्या वळणाची असते. पश्चिमेकडची सोनेरी ते तांबूस पिवळी आणि जड असते. पण रंगावर न जाता घोट गिळल्यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : तोंडाला पाणी सुटते आहे की तोंड कोरडे पडते आहे? पाणी सुटत असेल तर आम्लाचा जोर आहे, कोरडे पडत असेल तर टॅनिनचा. किंग्स्टन ब्लॅकच्या सायडरमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच घोटात, एकीमागून एक घडतात. म्हणूनच इतर कोणत्याही जातीची भर न घालता एकटीनेच उत्तम सायडर देणाऱ्या मोजक्या जातींमध्ये तिची गणना होते.

यापुढचा टप्पा कडू आणि तुरट यांतला फरक ओळखण्याचा. कडवटपणा ही चव आहे आणि ती जिभेला कळते. तुरटपणा हा स्पर्श आहे आणि तो सगळ्या तोंडाला जाणवतो. दोन्ही टॅनिनमधूनच येतात, परंतु टॅनिनचे रेणू लहान असतील तर कडवटपणा अधिक जाणवतो आणि मोठे असतील तर तुरटपणा. इंग्रज सायडरवाले टॅनिनला ‘कठीण’ (कडवट) किंवा ‘मऊ’ (तुरट) म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हाच भेद असतो. डॅबिनेटचे टॅनिन मऊ समजले जाते. हा भेद पहिल्या दिवशी कळेल अशी अपेक्षा धरू नये. पण एकदा तो कळला की सायडर चाखण्यातला आनंद कितीतरी पटींनी वाढतो, आणि नुसते ‘छान आहे’ यापलीकडे बोलण्यासारखे काही हाती येते.

आता गोडीकडे वळू, कारण तुलनेत सर्वांत जास्त फसगत गोडीमुळेच होते. पिकलेल्या सफरचंदाच्या रसातली सगळी साखर यीस्टने संपवली तर साधारण सहा-सात टक्के मद्यार्काची, पूर्णपणे ड्राय सायडर तयार होते. म्हणजे गोड सायडर मिळाली तर ती गोड कशी राहिली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. बहुतेक वेळा किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, संपल्यावर साखर किंवा रस घातलेला असतो, आणि ते पुन्हा सुरू होऊ नये म्हणून सायडर पाश्चराइझ केलेली किंवा बारीक गाळलेली असते. गोडी टॅनिनचे आणि आम्लाचे टोक झाकते. याची खात्री घरीच करता येते. एकाच ड्राय, बिनफेसाच्या सायडरचे दोन पेले भरावेत, त्यांपैकी एकात चहाचा पाव चमचा साखर विरघळवावी आणि दोन्ही आलटून पालटून चाखावेत. सायडर तीच असूनही साखरेच्या पेल्यात फळ अधिक पिकलेले वाटते आणि तुरटपणा मागे सरकतो. कोणत्याही दोन सायडरची तुलना करण्याआधी त्यांची गोडी जवळपास सारखी आहे ना, हे पाहण्याचा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

गोडी राखण्याची एक फार सुंदर रीत फ्रान्समधल्या नॉर्मंडी आणि ब्रिटनी या प्रांतांत चालते. सफरचंदे दळल्यावर त्यांचा लगदा काही तास तसाच ठेवतात, म्हणजे फळातल्या विकराची (एन्झाइमची) पेक्टिन या जेली बनवणाऱ्या द्रव्यावर क्रिया होते. पुढे रसातल्या कॅल्शियमशी ते पेक्टिन बांधले जाऊन त्याचा जेलीसारखा थर बनतो. किण्वनाच्या पहिल्या बुडबुड्यांबरोबर हा थर वर येतो आणि पिंपाच्या तोंडाशी तपकिरी टोपीसारखा बसतो. खाली गाळ, वर टोपी आणि मधोमध नितळ रस. टोपी न मोडता तो मधला रस हळूच काढून घ्यायचा, हे खरे कसब. यीस्टला लागणारी बरीच पोषक द्रव्ये टोपीत आणि गाळात अडकून राहतात, त्यामुळे पुढचे किण्वन संथपणे, महिनोन्महिने चालते आणि साखर शिल्लक असतानाच जवळजवळ थांबते. नॉर्मंडीतल्या पेई दोज आणि ब्रिटनीतल्या कोर्नुआय या दोन्ही प्रदेशांच्या सायडरला १९९६ साली संरक्षित उगमनामाचा दर्जा मिळाला. या सायडरमध्ये मद्यार्क बहुधा दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तिची गोडी फळाची स्वतःची असते. साखर घालून गोड केलेली इंग्रजी सायडर आणि अशी फ्रेंच सायडर शेजारी ठेवून पाहावी. पहिलीत गोडी वर तरंगते. दुसरीत ती टॅनिनशी एकजीव झालेली असते.

नासपतीपासून होणाऱ्या पेरीचा विषय मोठा आहे. इथे एवढेच सांगतो की नासपतीच्या रसात सॉर्बिटॉल हे गोड द्रव्य असते, ते यीस्टला पचत नाही, आणि म्हणून किण्वन पुरे झालेल्या पेरीतही हलकी गोडी उरते.

स्पेनच्या उत्तरेकडील अस्तुरियास प्रांतात गेल्यावर हेरफर्डशरचे मोजमाप बाजूला ठेवावे लागते. तिथली नैसर्गिक सायडर बिनफेसाची, बरीच आंबट आणि काहीशी झणझणीत असते. व्हिनेगरची जी झाक इंग्लंडमध्ये दोष ठरेल ती तिथे मर्यादेत असेल तर हवीशीच असते. सायडर वाढणारा माणूस एक हात डोक्यावर उंच नेऊन बाटली तिरकी करतो, दुसऱ्या हातातला रुंद, पातळ काचेचा पेला मांडीपाशी धरतो आणि बारीक धार पेल्याच्या कडेवर आपटवतो. पेल्यात दोन-तीन बोटेच सायडर पडते आणि ती लगेच, एका दमात प्यायची असते. धार आपटल्यामुळे विरघळलेला कर्बवायू आणि सुगंध मोकळे होतात. क्षणभर फेस दिसतो आणि विरतो. इथे उत्तम जोडी एकाच बाटलीतून जमते : एक पेला गुपचूप ओतलेला, दुसरा उंचावरून. पहिला बोथट आणि नुसता आंबट लागतो, दुसऱ्यात लिंबाच्या सालीची आणि हिरव्या सफरचंदाची तरतरी येते. अस्तुरियासच्या या सायडर संस्कृतीची युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या आपफेलवाइन या सायडरलाही असाच न्याय लावावा. ती पातळ, कोरडी आणि आंबट असते, निळ्या नक्षीच्या राखाडी सुरईतून येते आणि जेवणाबरोबर प्यायची असते. तिच्यात डॅबिनेटचा भरीवपणा शोधणे तिच्यावर अन्याय करणे होय.

मोठ्या कारखान्यांच्या सायडरविषयी थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये सायडर म्हणून विकण्यासाठी पेयात किमान ३५ टक्के सफरचंदाचा रस असावा लागतो. उरलेला भाग पाणी आणि साखर यांचा असू शकतो. अशी सायडर बर्फ घालून पिण्यात काही गैर नाही, पण पूर्ण रसाच्या सायडरशेजारी ती ठेवून दोहोंना गुण देऊ नयेत, कारण तिथे एकाऐवजी सगळ्याच बाबतींत फरक असतो आणि शिकण्यासारखे काही उरत नाही.

चाखण्याची रीत साधीच आहे. टॅनिनची सायडर फार थंड करू नये. दहा-बारा अंश सेल्सिअसला तिचा सुगंध खुलतो, तर बर्फगार केली की सुगंध दबतो आणि तुरटपणा टोचू लागतो. वाइनचा, तोंडाशी निमुळता होणारा पेला चांगला. आधी ड्राय, मग गोड. आधी हलकी, मग जड. टॅनिन घोटागणिक तोंडात साचत जाते, म्हणून मध्ये साधा पाव आणि पाणी घ्यावे, आणि गाडी चालवायची असेल तर घोट थुंकण्याचा संकोच बाळगू नये. आपल्याला खरोखर फरक कळतो की लेबल पाहून कळल्यासारखे वाटते, हे तपासायला तीन पेल्यांची परीक्षा उत्तम : दुसऱ्या कोणीतरी दोन पेल्यांत एक सायडर आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी, आणि आपण वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ही परीक्षा बऱ्याच वेळा घ्यावी.

शेवटी दोषांविषयी, कारण दोष ओळखता आल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. व्हिनेगरचा वास आणि नखरंगाच्या रिमूव्हरसारखा वास नाकाला लगेच कळतो. गोठ्याचा, धुराचा किंवा लवंगेचा वास मात्र वादाचा आहे : पश्चिम इंग्लंडच्या कडूगोड सफरचंदांतल्या फेनॉल या टॅनिनच्या कुळातल्या द्रव्यांवर दुग्धाम्ल बनवणाऱ्या जीवाणूंची क्रिया होऊन तो येतो, आणि तिथल्या जुन्या सायडरमध्ये तो बेताचा असेल तर मला तो आवडतो. सर्वांत फसवा दोष उंदराच्या पिंजऱ्यासारख्या वासाचा. तो पेल्यात नाक घातल्यावर येतच नाही, कारण सायडरच्या आंबटपणात ती द्रव्ये हवेत सुटत नाहीत; घोट गिळल्यावर काही क्षणांनी लाळेने आंबटपणा उतरला की मग घशाच्या मागून तो जाणवतो आणि बराच वेळ जात नाही. संशय असेल तर आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी आणि मग चाखावे, म्हणजे तो लवकर पकडता येतो. शिवाय कित्येकांना तो अजिबात जाणवत नाही आणि काहींना अगदी थोडासाही असह्य होतो. म्हणून एखाद्या सायडरविषयी मत बनवताना बरोबर निदान दोघे-तिघे तरी असावेत, सगळ्यांनी आपापले शेरे एकमेकांशी बोलण्याआधी कागदावर लिहावेत, आणि एकाच्याही कागदावर उंदीर आला तर ती बाटली बाजूला ठेवून दुसरी उघडावी.