गोळी थांबणार कुठं?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची कार्यकारिणी आणि जमलेली सगळी मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'नव्या हरिण-शिकाऱ्यासाठी रायफलचे कायदे आणि सुरक्षा'. पत्रिका वाटून झाली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला एकानं मला गाठलं. "सुभेदार, हरणं मारायला शिकवणार व्हय?" म्हणून आधी तेवढं मिटवतो. आपल्या देशात हरणाची शिकार करता येत नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा काही जनावरांपुरती परवान्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. चितळ असो, सांबर असो, भेकर असो, बार काढायचा नाही. रानडुक्कर पिकात घुसलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. भुदरगड-आजऱ्याकडची मंडळी मागं बसलेली दिसताहेत. तुमचं नुकसान मी डोळ्यांनी बघितलंय, एका रात्रीत भुईमूग उकरून टाकलेला बघितलाय. तरीसुद्धा हेच सांगणार. आधी वनखात्याचा कागद, मग बंदूक.

मग हा विषय कशाला? तर आज या हॉलमधल्या कितीतरी घरांतली पोरं अमेरिकेत आहेत. तिथं हरणाची शिकार कायदेशीर आहे, हंगाम ठरलेला आहे, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. माझा भाचा पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. तिथं नोव्हेंबरच्या अखेरीला रायफलचा हंगाम सुरू होतो आणि निम्मं ऑफिस रानात जातं. त्याचा फोन आला, "मामा, सगळे हरणाला निघालेत, मलाबी बोलावलंय. रायफल कुठली घेऊ?" मी म्हटलं, रायफलचं राहू दे. गोळी थांबणार कुठं, ते सांग. पोरगं गप्प झालं. म्हणाला, "हरणात थांबंल की."

नाही थांबत. हेच सांगायला मी आज उभा आहे. चांगली रायफल, चांगला नेम, तरी गोळी हरणातनं आरपार जाऊ शकते; आणि नेम चुकला तर ती हरणाला भेटतच नाही, सरळ पुढं जाते. म्हणजे चाप ओढण्याआधी बघायचं ते हरणाच्या मागं काय आहे. तुम्ही कुठल्याही देशाचा रायफलचा कायदा उघडा. वरवर बघितलं तर किचकट वाटतो, कॅलिबर म्हणजे नळीचं माप, वेळ, अंतर, कपड्याचा रंग. पण नीट वाचला तर त्यातली बहुतेक कलमं या एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत.

फौजेत हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं, कारण रेंजच तशी बांधलेली असते. टारगेटच्या मागं बट, म्हणजे गोळी अडवणारा मातीचा उंच बांध असतो, लाल झेंडा असतो, आणि फायर संपला की 'जाँच शस्त्र'. प्रत्येकाची नळी उस्ताद स्वतः बघणार. आपल्या दुधाळीच्या रेंजवर जाऊन बघा, तिथंही तेच. बोल्ट उघडा, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये रायफल रिकामी असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग, फायरिंग लाइनच्या पुढं कोणी माणूस नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकला जागतिक सुवर्ण घेतलं, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्य घेतलं. आपण मिरवणूक काढली, काढायलाच पाहिजे होती, मीही त्या गर्दीत होतो. पण पोरांना मी सांगतो, या लोकांनी पदकाआधी वर्षानुवर्षं काय केलं असेल, तर रिकामी रायफलसुद्धा भरलेली समजून हाताळली. ती सवय तुम्ही घेतली तर पदक न मिळताही तुमचं भलं झालं.

रानात मात्र बट नसतो. तिथं तो तुम्हाला शोधावा लागतो.

आपल्याकडच्या जुन्या शिकाऱ्यांना हे पक्कं कळत होतं, बरं का. दाजीपूरचं रान कोल्हापूर संस्थानच्या शिकारीचं होतं, १९५८ ला ते अभयारण्य झालं. शाहू महाराजांच्या काळात चित्त्याकडनं काळवीट धरायची पद्धत होती. तिथं गोळीचा प्रश्नच नव्हता, चित्ता थांबायचा कुठं एवढंच बघायचं! पण रायफलचा हाका असायचा, म्हणजे हाकाऱ्यांनी ओरडून जनावर बंदुकांच्या समोर आणायचं, तेव्हा काय शिस्त असायची? बंदूकवाल्यांच्या जागा ठरलेल्या. आपली जागा सोडायची नाही. शेजारच्या बंदुकीवरनं नळी फिरवायची नाही. हाकारे जवळ आले की समोर बार बंद, जनावर आपल्या ओळीच्या मागं गेलं तरच. छापील नियम नव्हते, पण प्रश्न तोच. हाकाऱ्याच्या अंगावर गोळी जायची नाही.

आता एक सांगतो, जरा लांबेल, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही वर्षांमागं आमच्या पाहुण्यांत लग्न होतं, गाव सांगत नाही. वरात निघाली, डॉल्बी लागला, आणि नवऱ्याच्या एका नातेवाइकानं परवान्याची रायफल काढून हवेत बार काढले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी पुढं होऊन हात धरला तर म्हणतो कसा, "मामा, वर उडवतोय की, कुणाला लागतंय?" रायफल हातात घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडावा? अहो, वर गेलेली गोळी आभाळात राहत नाही! पॉइंट टू-टूची बारकी गोळीसुद्धा मैलभराच्या पुढं जाते. अमेरिकेत हरणाला वापरतात ती थर्टी-ऑट-सिक्सची गोळी तीन मैलांच्या पुढं जाऊ शकते. बिंदू चौकातनं उडवली तर पंचगंगा ओलांडून पलीकडच्या उसात. आणि तिरकी उडालेली गोळी खाली येताना माणूस मारण्याइतकी ताकद राखून असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या खालच्या अंगाला एक म्हातारी गोठा झाडायला गेली. पत्र्याला भोक, आणि गव्हाणीच्या लाकडात गोळी रुतलेली. रात्री त्याच गव्हाणीपाशी बसून तिनं म्हशीला वैरण घातली होती. मी म्हटलं पोलिसांत द्या. तर सगळे माझ्यावरच. "पाहुण्यांत वाद नको." "लागलं तर नाही ना कुणाला?" "परवाना हाय की त्याच्याकडं." मंडळी, मला राग येतो तो या शेवटच्या वाक्याचा. परवाना आहे म्हणजे काय? २०१९ च्या दुरुस्तीपासून हर्षाचा गोळीबार हा शस्त्र कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असला तरीही. त्या माणसाला हे माहीत नव्हतं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, गावात मान असलेल्या माणसांनाही माहीत नव्हतं.

आणि माहीत नसायला कारण नाही. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याआधी शस्त्र-सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सांगितलंय. नियम चांगला आहे. पण मी एका ठिकाणी, नाव घेत नाही, हे प्रशिक्षण बघितलंय. चहा झाला, फोटो झाला, रायफल टेबलावर ठेवून लांबून दाखवली, आणि प्रमाणपत्र हातात. एकानंही विचारलं नाही की बाबा, तुझ्या घराच्या कुठल्या दिशेला वस्ती आहे? घरात लहान पोरं आहेत का, आणि काडतुसं कुठं ठेवणार? ज्या माणसाच्या हातात आपण हे देतोय त्याला एवढं विचारायला वेळ नसेल तर मग प्रशिक्षण कशाचं? अमेरिकेत बंदुका भरमसाट, त्यावर आपण बोलतो आणि बोलावंही. पण शिकाऱ्याच्या बाबतीत तिथं एक गोष्ट फार चांगली आहे. न्यूयॉर्क राज्यानं १९४९ ला शिकाऱ्याच्या शिक्षणाची सक्ती सुरू केली, आणि आज पन्नासही राज्यांत तसा अभ्यासक्रम आहे. परीक्षा द्यावी लागते. त्यात पहिल्या पानापासून हाच प्रश्न असतो, टारगेटच्या मागं काय आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं. मग पत्रिकेवरचा विषय आता पळतपळत घेतो, पोरं बाहेर असलेल्यांनी लक्ष द्या.

सगळ्यात आधी व्हिसा. नोकरीचा एच-वन-बी किंवा शिक्षणाचा एफ-वन असल्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. सूट आहे, पण ती मुख्यतः चालू असलेला शिकार परवाना ज्याच्याकडं आहे त्याला. म्हणजे मित्रानं प्रेमानं "धरून बघ" म्हणून दिलेली रायफलसुद्धा परवाना नसताना हातात घ्यायची नाही. हा गुन्हा मोठा आहे, नोकरी आणि व्हिसा दोन्ही जाईल. ग्रीन कार्ड असेल तर ही अट लागत नाही, पण राज्याचा शिकार परवाना आणि शिक्षण लागतंच.

रायफल कुठली, तर राज्य सांगेल ती. कोलोरॅडोत हरणासाठी कमीत कमी पॉइंट टू-फोर कॅलिबर, सत्तर ग्रेन वजनाची, लागल्यावर फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पौंड ताकद लागते. दुधाळीवरची पॉइंट टू-टू तिथं चालत नाही, कारण तिनं जनावर जखमी होऊन कुठंतरी झुडपात कुढत मरतं. ओहायोत उलटं, तिथं जास्त पल्ल्याच्या बाटलीच्या आकाराच्या काडतुसाला बंदी, फक्त सरळ पुंगळीची काडतुसं. का? सपाट जमीन, मध्ये घरं, गोळी अडवायला डोंगर नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद, कारण ते शिसं मेलेलं जनावर खाणाऱ्या गिधाडांच्या पोटात जातं. राज्य बदललं की पुस्तिका नव्यानं वाचायची. गेल्या वर्षीची चालत नाही, मित्राचं तोंडी तर नाहीच.

काडतुसाच्या बुडावर छापलेलं आणि नळीवर कोरलेलं एकच असलं पाहिजे. नळीत चिखल, बर्फ अडकलाय का ते रायफल रिकामी करून बघायचं. अडकून फायर केला तर नळी फाटते. हंगामाआधी रेंजवर जाऊन झिरो करून घ्यायची, म्हणजे नेम धरू तिथंच गोळी लागेल अशी जुळवून, रानात नाही.

नारंगी कपडे. पेनसिल्व्हेनियात रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारंगी दिसलं पाहिजे, चारी बाजूंनी. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, माणसाला लांबनं दिसतो. कोणाच्या तरी हरणाच्या मागं तुम्ही उभे असाल, त्याला कळायला नको? पोरगा म्हणेल दिसायला बरं नाही दिसत. घालायचंच. लोक राहतात त्या घरापासून तिथं दीडशे यार्डांच्या आत, तिथं राहणाऱ्याच्या परवानगीशिवाय, फायर नाही. रस्त्यावरनं नाही, गाडीतनं नाही, आणि गाडीत ठेवताना रायफल रिकामी. वेळ बहुतेक राज्यांत सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. त्याच्या पुढं आकार दिसतो, मागचं दिसत नाही.

डोंगराच्या धारेवर हरीण उभं आहे, मागं नुसतं आकाश, फोटोला सुंदर, शिंगं मोठी. तिथं चाप ओढायचा नाही. कधीच नाही. हरीण खाली उतरू दे, मागं माती येऊ दे. नाही उतरलं तर गेलं. दुर्बिणीचं काम रायफलच्या स्कोपनं करायचं नाही, कारण स्कोप जिकडं वळतो तिकडं नळीही वळते, आणि झुडपामागं हलतंय ते माणूस असू शकतं.

मचाणाबद्दल एवढंच, तिथं हरणाच्या शिकारीत गोळीपेक्षा मचाणावरनं पडून माणसं जास्त जखमी होतात. जमिनीवरनं पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगभर पट्टा बांधलेला पाहिजे. रायफल खांद्याला लावून चढायचं नाही. रिकामी करून, दोरीला बांधून, वर बसल्यावर ओढून घ्यायची. मचाणाचा एक फायदा मात्र खरा, वरनं खाली मारलेली गोळी जमिनीतच जाते. कुंपण ओलांडतानाही तेच, आधी रायफल रिकामी कर, मग ओलांड. सेफ्टी कॅचवर विसंबायचं नाही, ती यंत्र आहे, बिघडते. बोट चापाच्या बाहेर, नेम पक्का होईपर्यंत.

हरीण पडलं की धावत सुटायचं नाही. थांबायचं, मागच्या बाजूनं जायचं, मेलंय याची खात्री करायची. मग रायफल रिकामी, आणि जनावर हलवायच्या आधी त्याला टॅग, म्हणजे शिकार परवान्याची चिठ्ठी, लावायचा. टॅग न लावता गाडीत घातलं तर परवाना असूनही चोरटी शिकार ठरू शकते.

अध्यक्ष उठून उभे राहिलेत, म्हणजे मला बसायला हवं. पोरांची पुस्तिका, राज्य, व्हिसा याबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी बाहेर पायऱ्यांवर थांबा, मी सगळ्यांना भेटूनच जाणार आहे. आणि ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, मग ती ठासणीची असो नाहीतर स्पोर्टिंग रायफल, आणि पुढच्या महिन्यांत घरात लग्न आहे, त्यांनी आधी पुढं या. त्यांच्याशी मला पहिल्यांदा बोलायचंय.