दोन टक्के, तीन तऱ्हांचे

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

गणेशखिंड रस्त्याने आज तुमच्यातले बरेच जण आले असतील. २२ जून १८९७ च्या रात्री याच रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, हे पुण्यात कुणाला सांगावे लागत नाही. त्याआधीचे नऊ महिने मात्र क्वचितच सांगितले जातात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीला आला आणि युरोपातले देश हिंदुस्थानचा माल व प्रवासी अडवण्याची भाषा करू लागले. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. त्याच महिन्यात व्हेनिसला आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषद बसली, विषय एकच, प्लेग. बंदरे बंद पडतील या धाकाने सरकारने जी घाई केली, ती मार्चमध्ये पुण्याच्या माजघरात शिरली.

आरोग्यातल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा पाया हा असा: तुमचा रोग आमच्या दारात नको. सव्वाशे वर्षांत भाषा सौम्य झाली, पैशाचा ओढा तोच राहिला. आरोग्यासाठी देशादेशांत जी मदत दिली जाते, तिच्यातला मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, श्वसनाचे जुनाट आजार यांच्या वाट्याचा भाग दोन टक्क्यांच्या आसपास असतो. जगातले साधारण तीन चतुर्थांश मृत्यू असंसर्गजन्य आजारांनी होतात. पण मधुमेह विमानातून उतरून शेजाऱ्याला लागत नाही, म्हणून त्याला देणगीदार मिळत नाही. आज मी तीन प्रकारच्या दोन टक्क्यांबद्दल बोलणार आहे. त्यांतले हे पहिले, आणि सर्वांत कमी भरवशाचे.

आरोग्यसंवर्धन म्हणजे काय, याची चौकट २१ नोव्हेंबर १९८६ च्या ओटावा सनदेने घालून दिली. कामे पाच: आरोग्याला पोषक सार्वजनिक धोरण, पूरक परिसर, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवेचा रोख प्रतिबंधाकडे वळवणे. आपल्याकडे तरतूद संपते ती चौथ्यावर, आणि तीही फ्लेक्स, पत्रके, जागृती फेरी यांत. फ्लेक्सचे बिल लवकर निघते, हे त्याचे खरे कारण! जंगली महाराज रस्त्यावरचा रुंद केलेला पदपथ हे दुसऱ्या क्रमांकाचे, अस्सल आरोग्यसंवर्धन आहे. पण तो खर्च पथ विभागाच्या लेखाशीर्षात पडतो, आरोग्य विभागाला त्याचा पत्ताही नसतो. खात्याखात्यांत विखुरलेल्या अशा कामाला एक हक्काचा निधी असावा, हा विचार इथून निघाला.

त्याचे सर्वांत अभ्यासण्याजोगे रूप थायलंडमध्ये आहे. २००१ च्या कायद्याने तिथे तंबाखू आणि दारूच्या उत्पादनशुल्कावर दोन टक्के अधिभार बसवला. हे आपले दुसरे दोन टक्के. उत्पादकाचे शुल्क शंभर बाथ झाले, तर त्याने १०२ भरायचे. शंभर तिजोरीत, दोन थेट आरोग्यसंवर्धन निधीत. अर्थखात्याच्या शंभरातला एकही बाथ कमी होत नाही, म्हणून अर्थखात्याचा विरोध बोथट झाला. ‘आमच्या महसुलातून दोन टक्के द्या’ असे म्हटले असते, तर फाईल पहिल्याच टेबलावर अडकली असती. शिवाय ते दोन बाथ वार्षिक अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत येतच नाहीत. निधीच्या मंडळाचा अध्यक्ष आरोग्यमंत्री नाही, पंतप्रधान. कारण वाहतूक, शिक्षण, क्रीडा या खात्यांना आरोग्यमंत्री हलवू शकत नाही. मूल्यमापनासाठी वेगळे मंडळ, आणि संसदेपुढे वार्षिक अहवाल. रक्कम वर्षाला चार अब्ज बाथच्या घरात जाते.

बिघाड कुठे होतो? हमखास येणाऱ्या पैशावर सगळ्यांचा डोळा असतो. अनुदान मंजूर करणारे आणि ते घेणाऱ्या संस्थांत बसणारे एकच, हा आक्षेप तिथे आला. लष्करी राजवटीत खर्चाची चौकशी झाली आणि २०१६ च्या सुरुवातीला मंडळातले सदस्य हटवले गेले. हितसंबंध जाहीर करण्याचा नियम पहिल्या दिवशी लिहायचा असतो, चौकशी लागल्यावर नव्हे. दक्षिण कोरियात दुखणे वेगळे. तिथे १९९५ च्या कायद्याने निधी आला, २०१५ पासून सिगारेटच्या पाकिटामागे ८४१ वॉन आकारले जातात, पण त्यातला मोठा वाटा आरोग्य विम्याची तूट भरायला जातो. उपचाराचे पोट मोठे. संवर्धनाचा घास आधी तेच खाते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने तर १९८७ मध्ये तंबाखूवरच्या पट्टीतून क्रीडासंस्थांना सिगारेट कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून सोडवले होते. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना असा कर लावता येत नाही असा निर्णय दिला आणि पट्टी गेली. निधी राज्याच्या तिजोरीवर अवलंबून झाला. कर लावायचा अधिकार कोणत्या सरकारचा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. स्वित्झर्लंडची तऱ्हा साधी: प्रत्येक आरोग्य विमाधारकाकडून वर्षाला ४.८० फ्रँक.

आता हे भारतात उतरवायचे तर वाट कुठे अडते ते पाहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार केंद्राचा कर संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य खात्यात, जमा होतो, आणि अनुच्छेद ११४ नुसार विनियोजन कायद्याशिवाय तिथून रुपया निघत नाही. म्हणजे ‘दोन बाथ थेट निधीत’ हे आपल्याकडे घटनेतच बसत नाही. उरतो मार्ग लोकलेख्यातल्या, म्हणजे संचित निधीबाहेरच्या सरकारी खात्यातल्या, ३१ मार्चला व्यपगत न होणाऱ्या राखीव निधीचा. आरोग्य व शिक्षण उपकरातल्या आरोग्याच्या वाट्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने असा निधी उभारला. पण उपकर राज्यांबरोबर वाटून घेण्याची सक्ती अनुच्छेद २७० मध्ये नाही, आणि सार्वजनिक आरोग्य तर राज्याचा विषय. उपकराची वळणेही ध्यानात ठेवा: कोळशावरचा स्वच्छ ऊर्जा उपकर २०१० मध्ये आला, २०१७ मध्ये गेला, आणि त्याच्या जागी आलेला पैसा जीएसटी नुकसानभरपाईकडे वळला. विडी कामगारांच्या कल्याणाचा उपकरही त्याच वर्षी गेला; विड्या वळणाऱ्या सिन्नरला विचारा.

पैसा उसना आणण्यापेक्षा नियम उसना आणणे स्वस्त पडते, असे माझे मत आहे. तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २७ फेब्रुवारी २००५ ला अमलात आला. भारताने त्याला वर्षभर आधीच संमती दिली होती. १ एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापला जातो. छपाई कंपनीची, जागा कंपनीची. इतका स्वस्त आरोग्यसंदेश कोणत्याही अनुदानातून छापून झालेला नाही. करारातल्या कलम ६ चे मात्र आपण अर्धेच ऐकले. कर वाढवा, म्हणजे खप घटेल, असे ते सांगते. आपण सप्टेंबर २०२५ मध्ये विडीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचे ठरवले.

जागतिक आरोग्य संघटनेकडून मोठ्या रकमेची आशा सध्या धरू नका. सदस्य देशांची ठरलेली वर्गणी मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यायची, असे २०२२ मध्ये ठरले. पण अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत बाहेर पडण्याची घोषणा केली आणि २०२६-२७ चे अंदाजपत्रक ४.२ अब्ज डॉलरवर उतरले.

तरीही परदेशी अनुदान घेणाऱ्या संस्था इथे बसल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडे बारकाईने सांगतो. विदेशी अंशदान कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, त्यानंतर एका संस्थेला आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, ती नोंदणीकृत असली तरी. परदेशी देणगीदाराचा नमुना मात्र अजून ‘एक मुख्य संस्था आणि तिचे चार भागीदार’ असाच असतो. तो जसाच्या तसा भरला, तर भागीदारांचे काम कागदावरच राहते. पाच स्वतंत्र करार मागा. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. आरोग्यसंवर्धनात यंत्रे नसतात, माणसे असतात. त्यामुळे वस्तीत काम करणारी ताई आणि कार्यालयातला लेखापाल यांची पदे करारात वेगळी दाखवा. प्रत्यक्ष कामावरचे वेतन प्रशासकीय धरले जात नाही, पण पदाचे नाव ‘समन्वयक’ आणि कामाचे वर्णन रिकामे, असे असेल तर वाद होतो. संयुक्त राष्ट्रे आणि तिच्या विशेष संस्था या कायद्यात ‘विदेशी स्रोत’ मानल्या जात नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. आणि देणगीदाराचे वर्ष जानेवारीत सुरू होते, आपले एप्रिलमध्ये, शाळेचे जूनमध्ये. पहिला हप्ता मार्चमध्ये आला, तर शाळांतले काम करायला तीन महिने कुणी नसते.

तिसरे दोन टक्के कंपन्यांचे, म्हणजे त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचे (सीएसआर). २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५: मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के. प्रतिबंधात्मक आरोग्य अनुसूची सातमध्ये आहे. कंपनीच्या बाजूचा प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपर्यंत, आणि पैसा घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ ची नोंदणी हवी. फेब्रुवारीत फोन येतो, मार्चअखेर खर्च हवा असतो, आणि मग पुन्हा फ्लेक्स. तीन वर्षांचा ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी घेतली, तर अखर्चित रक्कम वेगळ्या खात्यात राहते आणि ही घाई टळते. तंबाखू कंपनीचा पैसा मात्र नको. जागतिक कराराचे कलम ५.३ त्यासाठीच आहे.

तीन वर्षांच्या अनुदानात मधुमेह कमी झाल्याचे दाखवता येणार नाही, तसे वचन देऊ नका. मोजता येईल ते मोजा. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू विकायला बंदी आहे. अंतर फाटकापासून चालत नव्हे, आवाराच्या कुंपणापासून त्रिज्येने मोजायचे. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत शाळा इतक्या लागून आहेत, की ही वर्तुळे एकमेकांत मिसळतात. नकाशावर ती आखली की बंदीबाहेरच्या जागा शोधाव्या लागतात. टपऱ्यांची मोजणी सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना, अशी दोनदा करा, कारण चाकावरची टपरी दुपारी दुसऱ्या गल्लीत असते.