तीन पेले, एकच द्राक्ष

मंडळी, समोरच्या तिन्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आहेत. एक आपल्या नाशिकची, एक दक्षिण आफ्रिकेची आणि एक फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली. द्राक्ष तिन्हींत एकच, पांढऱ्या वाइनचं शेनिन ब्लांक. नाशिकची शिराझ आणि इटलीची कियांती, म्हणजे वेगवेगळ्या द्राक्षांच्या दोन लाल वाइन, शेजारी ठेवून 'कुठली चांगली' म्हणून वाद घालण्यात काही हशील नाही. द्राक्षच बदललं तर प्रदेशाचा फरक कळणार कसा? राहिला बाटल्यांवरचा कागद. 1976 साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज वाइन विक्रेत्यानं फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन दिल्या, तेव्हा पांढऱ्या आणि लाल, दोन्हींत कॅलिफोर्नियाची बाटली पहिली आली. लेबलं उघडी असती तर तसं झालं नसतं, असं माझं मत आहे.

आता छोटा घोट घ्या. गिळायचं नसेल त्यांच्यासाठी भांडी ठेवली आहेत, संकोच नको. पेरू, लिची, मध वगैरे वर्णनं सध्या बाजूला ठेवा. घोट तोंडभर फिरवा, गिळा आणि जिभेच्या कडांना लाळ किती सुटते, किती वेळ सुटत राहते, तेवढंच बघा. ही आम्लाची खूण. स्वस्त वाइनमध्ये मी आधी हेच बघतो, कारण साखर वाढवून बऱ्याच गोष्टी झाकता येतात, आम्ल कमी पडलं तर मात्र वाइन मिळमिळीत लागते.

लुआरला थंडी. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि आम्ल इतकं की वूव्रे गावच्या कित्येक वाइनमध्ये ते सुसह्य व्हावं म्हणून साखर शिल्लक ठेवतात. नाशिकचा वेल तिकडच्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलात नव्या फांद्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी आणि घड हाती येतात जानेवारी ते मार्चमध्ये. रात्री गार असतात तोवर ठीक. एकदा मार्चचं ऊन लागलं की द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, भराभर उतरतं. मग वायनरीत टार्टरिक आम्ल, हेही द्राक्षातलंच, वरून घालतात. यात लबाडी काही नाही, उष्ण प्रदेशांत ही सर्रास रीत आहे. पण प्रमाण चुकलं तर आंबटपणा वाइनपासून वेगळा, लिंबू पिळल्यासारखा लागतो.

दक्षिण आफ्रिकेत शेनिन हे सर्वांत जास्त लागवडीचं द्राक्ष, जुनं नाव स्टीन. बरीच वर्षं ते ब्रँडीच्या भट्टीत जायचं. त्यामुळे तिथं जुने वेल भरपूर उरले आणि स्वस्त बाटलीतही बरा माल येतो. तिन्ही देशांत आपापल्या बाजारभावानं घ्यायची झाली, तर माझा पैसा दक्षिण आफ्रिकेच्या बाटलीवर लागेल.

पण आपण घेतो महाराष्ट्रातल्या दुकानात, आणि तिथं गणित पालटतं. परदेशी वाइनवर आयात कर सर्वसाधारणपणे एकूण 150 टक्के. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या 2022 च्या करारानं त्यांच्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना सवलत मिळाली. समजा, बाटली बंदरात 400 रुपयांना पडली. कर धरून झाले 1000. राज्याचा कर, आयातदार आणि दुकानदार अजून बाकीच आहेत. उलट नाशिकच्या वाइनला राज्यानं 2001 च्या धोरणात उत्पादन शुल्क माफ करून हात दिला. म्हणून दुकानात एकाच भावाच्या दोन बाटल्या दिसल्या की परदेशी बाटलीत वाइनचा वाटा फार थोडा असतो. 'इंपोर्टेड आहे, म्हणजे बरीच असणार' हा हिशेब या भावाला चालत नाही.

पेले अजून रिकामे करू नका, वीस मिनिटं तसेच राहू द्या. फ्रिजमधून काढलेली कुठलीही पांढरी वाइन बरी लागते, गारव्यात वास दबतो आणि गोडीही कमी जाणवते. जरा कोमट झाली की खरी परीक्षा. एखाद्या पेल्यात नुसती साखर वर येईल, एखाद्यात उकडलेल्या सफरचंदासारखा वास. असा वास आला तर बाटली उन्हात किंवा तापलेल्या गोदामात राहिल्याचा संशय घ्यावा. नाशिकच्या मे महिन्यात हे फार होतं. म्हणून शेनिन घेताना लेबलवरचं तोडणीचं साल बघा, सर्वांत ताजं घ्या आणि शोकेसमधली बाटली देऊ लागले तर आतल्या थंड खोलीतली मागा.