डॉक्टरांना सिगरेटचा आकडा सांगितलात का?

नमस्कार मंडळी. आज जरा आमच्या घरातलंच सांगणार आहे. दादाला विचारून सांगतेय हां, तो म्हणाला सांग की, फक्त माझं नाव घेऊ नको, म्हणून नाव नाही घेत. दादा आता बावन्न वर्षांचा आहे, तेविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं कळलं. पुस्तकात छिन्नमनस्कता लिहितात तोच आजार, पण आमच्या गल्लीत ना हा शब्द कोणी वापरला ना तो, सगळे आपले "त्यांच्या मोठ्याला मानसिकचं आहे" एवढंच म्हणायचे, ते पण आवाज खाली करून.

दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम पिवळी असायची. म्हणजे हळदीचं बोट असतं ना तसं, पण साबणाने न जाणारं. आई दर रविवारी त्याला अंघोळीच्या आधी बसवून अर्ध्या लिंबाने ती बोटं घासायची, तो निमूट हात पुढे करायचा आणि सोमवारी परत तेच. वीस-पंचवीस सिगरेटी रोज. पैसे संपले की बिडी, बिडी संपली की टपरीखाली पडलेली थोटकं. आणि ओढायची पद्धत अशी की फिल्टरला चटका बसेपर्यंत सोडायची नाही. मला वाटायचं हे दादाचंच वेड, पण नंतर कळलं की या आजारात पुष्कळ जणांचे झुरके खोल आणि लागोपाठ असतात, एकाच सिगरेटमधून ते बाकीच्यांपेक्षा जास्त निकोटीन ओढून घेतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

मी चिडले की आई म्हणायची, "असू दे गं, तेवढंच एक सुख आहे त्याला." हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांच्या घरी बोललं जातं मला माहीत नाही, पण ओपीडीच्या बाकड्यावर मी ते इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की मोजणं सोडून दिलं.

आता हे एवढं प्रमाण का, ते बघू. 2005 मध्ये वीस देशांतले 42 अभ्यास एकत्र करून बघितले होते, त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांत सिगरेट ओढणारे सरासरी 62 टक्के निघाले. आपल्याकडे चेन्नईला स्कार्फ नावाची संस्था आहे, तिथल्या डॉक्टरांनी 2002 मध्ये ओपीडीतल्या पुरुष पेशंटचा अभ्यास छापला, तिथे आकडा साधारण 38 टक्के होता. मला हा फरक फार बोलका वाटतो. कारण त्यांचं म्हणणं असं की हे सगळं मेंदूच ठरवतो असं नाही, पेशंटच्या खिशात पैसे आहेत का, घरचे ओढू देतात का, यावर पण खूप अवलंबून आहे. म्हणजे आमची आई जे देवाने लिहिलेलं समजत होती त्यातलं बरंच तिच्याच पर्समधून जात होतं, आणि हे मी तिला कधी बोलू शकले नाही.

पण मेंदूचा भाग आहेच, तो नाही म्हणता येत नाही. बघा, आपण बोलत बसलोय, पंखा खडखडतोय, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतायत, तरी थोड्या वेळाने ते आपल्याला ऐकूच येत नाही, बरोबर? मेंदू तेच तेच आवाज गाळून टाकतो. स्किझोफ्रेनियामध्ये ही गाळणी नीट चालत नाही. अमेरिकेत डेन्व्हरला रॉबर्ट फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या टीमने यावर वर्षानुवर्षं काम केलं, लागोपाठ दोन टिकटिक ऐकवायच्या आणि दुसरीला मेंदू किती दचकतो ते मोजायचं, साधारण असा प्रयोग. त्यात दिसलं की निकोटीनने ही गाळणी थोडा वेळ सुधारते. थोडा वेळ म्हणजे काही मिनिटं. शिवाय आजाराच्या गोळ्यांनी अंग कडक होतं, हालचाल मंदावते, त्यातही निकोटीनने जरा मोकळं वाटतं. म्हणून दादा म्हणायचा, "ओढली की डोकं जागेवर येतं", ते काही बहाणा नव्हता. फक्त थोड्या वेळाने डोकं परत जागेवरून हलतं आणि पुढची पेटवावी लागते, अशा पंचवीस होतात.

या "ते बिचारे स्वतःचं औषधच घेतायत" वाल्या थिअरीचं पण एक प्रकरण आहे, सांगूनच टाकते. तंबाखू कंपन्यांची आतली कागदपत्रं पुढे उघड झाली, त्यावरून अमेरिकेतल्या संशोधकांनी 2008 मध्ये लिहिलं की ही थिअरी पुढे रेटणाऱ्या संशोधनाला कंपन्या पैसे पुरवत होत्या. तिकडे नव्वदच्या दशकात बाकी हॉस्पिटलांत सिगरेट बंद झाली तेव्हा मनोरुग्णांच्या वॉर्डांना मात्र सूट मिळाली. त्याआधी तर चांगलं वागलं, काम केलं की बक्षीस म्हणून सिगरेट देत. आपण शाळेत गोळी-चॉकलेट देतो तसं!

बरं, आता ज्यासाठी आज बोलायला बसले ते. 2019 च्या पावसाळ्यात दादाला ॲडमिट करावं लागलं. कुठल्या हॉस्पिटलात ते राहू द्या. वॉर्डात सिगरेट पूर्ण बंद, आम्ही म्हटलं चला, बरंच झालं. क्लोझापिन, म्हणजे त्याच्या या आजाराची गोळी, घरी होती तेवढीच तिथे चालू ठेवली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी गेले तर दादा उठेना. लाळ गळून उशी ओली, उठवून उभा केला तर भिंतीला धरून पण झोकांड्या, जीभ जड, मला ओळखलं पण नाव घ्यायला दहा सेकंद लागले. आम्हाला वाटलं आजार वाढला. शेवटी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली, पंचविशीतली असेल, तिने पहिल्यांदा विचारलं, "घरी रोज किती ओढायचे?" फाईलमध्ये त्या जागी फक्त लिहिलं होतं, तंबाखू: हो. झालं. आकडा नाही, बिडी का सिगरेट ते नाही.

तिने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या लिव्हरमध्ये एक एन्झाइम असतं, सीवायपी वन ए टू असं त्याचं नाव, ते क्लोझापिन आणि ओलांझापिन या गोळ्या शरीरातून बाहेर काढायचं काम करतं. सिगरेटच्या धुरातल्या डांबरी पदार्थांमुळे हे एन्झाइम वाढतं, जोरात कामाला लागतं. म्हणजे ओढणाऱ्या माणसाच्या अंगातून गोळी भराभर निघून जाते, म्हणून त्याला डोस जास्त लागतो. आणि धूर अचानक बंद झाला की काही दिवसांत एन्झाइम थंड पडतं, गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण दीडपट किंवा त्याहून जास्त होऊ शकतं. दादाचं हेच झालं होतं. डोस कमी केल्यावर हळूहळू माणूस परत आला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. डिस्चार्ज मिळाला तो कमी केलेल्या डोसवर, घरी आला, दुसऱ्या दिवशी टपरी. आता उलटं चक्र, धूर सुरू, गोळी कमी पडायला लागली, तीन आठवड्यांत आवाज परत ऐकू यायला लागले, रात्री गॅलरीत उभा राहून कोणाशी तरी भांडायचा. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा, पुढची तारीख, रक्त तपासणी सगळं होतं, पण घरी परत ओढायला लागले तर कळवा, ही एक ओळ नव्हती. मला त्याचा अजून राग आहे, खोटं कशाला बोलू.

यातली एक गंमत म्हणा की खोच म्हणा, या एन्झाइमच्या भानगडीत निकोटीनचा हात नाही, सगळा खेळ धुराचा आहे. म्हणून निकोटीनचं च्युइंगगम किंवा पट्टी लावली तरी धूर बंद झाल्यावर गोळीचं प्रमाण वाढतंच. आणि आपल्याकडे तर हे जास्तच लक्षात ठेवायला हवं, कारण महाराष्ट्रात 2016-17 च्या सर्व्हेत धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे वगैरे 24.4 टक्के. घरचे काय करतात, सिगरेट परवडत नाही, वास येतो, म्हणून हातावर तंबाखू-चुना मळून देतात, त्यापेक्षा हे बरं म्हणून. तोंडाच्या कॅन्सरचं तर आहेच, पण गोळीच्या दृष्टीने तो माणूस सिगरेट सुटल्यासारखाच झाला, आणि डॉक्टरांच्या कानावर काहीच नाही. चहा-कॉफीचं पण तसंच, कॅफीनला पण हेच एन्झाइम लागतं, म्हणजे धूर सुटल्यावर नेहमीचे सहा कप जास्त चढतात, झोप उडते, माणूस येरझाऱ्या घालतो आणि आपण म्हणतो बघा, सिगरेट सोडल्यामुळे बिघडला.

बिघडतो का पण? मलाही भीती होती. 2016 मध्ये आठ हजारांवर लोकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यातल्या निम्म्यांना मानसिक आजार होते, सोडायला मदत करणाऱ्या गोळ्या देऊन बघितल्या, व्हॅरेनिक्लिन वगैरे, तर त्या गोळ्यांमुळे मानसिक त्रास वाढला असं काही ठळक दिसलं नाही. अर्थात या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलमधून आपल्या मनाने आणायच्या नाहीत. इंग्लंडमध्ये गंभीर मानसिक आजार असलेल्या 526 जणांना घेऊन अभ्यास झाला, खास माणूस नेमून मदत केली त्यांच्यातले सहा महिन्यांनी 14 टक्के सुटले होते, नेहमीची सेवा मिळाली त्यातले 6. आकडा लहान आहे, मान्य. पण या आजाराची माणसं बाकीच्यांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, आणि बऱ्याचदा कशाने, तर हार्टने. आवाजांनी नाही हो, हार्टने.

फोन नंबर लिहून घ्या, पेन आणा, थांबते. तंबाखू सोडायची सरकारी हेल्पलाइन 1800-11-2356. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस, 14416. फुकट आहेत दोन्ही. आणि पुढच्या ओपीडीला जाल तेव्हा कोणी विचारायची वाट न बघता सांगा, रोज इतक्या, बिडी का सिगरेट, वाढल्या का कमी झाल्या. सोडायची असेल तर आधी सांगा, तारीख ठरवून, म्हणजे डोस बघून कमी करता येतो.

आमच्याकडे आता वही आहे. दादा स्वतः रेघ मारतो, एक सिगरेट एक रेघ. सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, पण टपरीवर विचारा, मिळते, त्यामुळे पाकिटावरून काही मोजता येत नाही, वहीच खरी. पंचवीसवरून नऊवर यायला दीड वर्ष लागलं, मध्ये दोनदा परत वीसवर गेला. डॉक्टर दर वेळी वही बघून मग गोळ्यांचं बोलतात. काल रात्री बघितलं तर सात रेघा होत्या आणि आठवी अर्धी काढून खोडलेली. विचारलं हे काय, तर म्हणाला, "पेटवली होती, पण पाऊस आला."