कोण ठळक, कोण पुसट: वेढ्याच्या प्रिंट्स

[अजिंक्यतारा, मंगळाई बुरूज]
हा मंगळाईचा बुरूज. १७०० साली औरंगजेबाच्या फौजेने इथे सुरुंग उडवले. एक उलटला आणि हल्ल्यासाठी खाली थांबलेले मोगलच दगडांखाली गाडले गेले. एप्रिलमध्ये किल्ला पडला आणि बादशहाने त्याला नाव दिलं आझमतारा. नाव बदलायला हुकूम पुरतो. सतराव्या शतकात युरोपातले राजे मात्र जिंकलेल्या शहराच्या वेढ्याचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर करवून घेत, छापून वाटता यावं म्हणून.

[साताऱ्यातली कार्यशाळा, तांब्याची प्लेट]
नमुना आहे तांब्यावर चित्रं काढून छापणारा त्या काळचा चित्रकार जाक कालो याच्या ‘ब्रेडाचा वेढा’ मधला एक तुकडा. १६२५ मध्ये स्पेनने नेदरलँड्समधलं ब्रेडा शहर घेतलं. तिथली स्पेनची कारभारीण इसाबेला हिने कालोला काम दिलं. प्लेट्स सहा, प्रिंट्स जोडल्या की उंची सव्वा मीटरच्या आसपास.

प्लेट आधी खडूच्या भुकटीने घासायची, मग तिच्यावर मेणासारखा लेप द्यायचा. बोटाचा तेलकटपणा राहिला तर हा लेप सुटतो आणि नको तिथे तांबं खाल्लं जातं. लेप मेणबत्तीवर धरून काळा करायचा, म्हणजे सुईने लेप खरवडला की उघड्या तांब्याची रेघ लालसर उठते. छापताना चित्र उलटतं, म्हणून काढायचं सगळं उलटं: पूर्वेचा दरवाजा पश्चिमेला, अक्षरं आरशातली.

[क्लोजअप: ट्रे]
फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे उघडं तांबं खाणाऱ्या द्रवात, प्लेट पालथी. उताणी ठेवली तर रेघेत गाळ बसतो, खोली येत नाही. आता कालोची करामत बघा. थोड्या वेळाने प्लेट काढली, धुतली, दूरच्या शहरावर वॉर्निश फिरवलं, म्हणजे तिथल्या रेघा आणखी खोल होत नाहीत, आणि पुन्हा बुडवली. मग छावणी झाकली. अगदी पुढचे शिपाई शेवटपर्यंत द्रवात. त्यांच्या रेघा सगळ्यांत खोल, शाई तिथेच जास्त बसते. म्हणून वेढा घालणारे काळेकुट्ट, आणि ज्या शहरात लोक उपाशी होते ते वर, बारीक, नकाशासारखं. याला निव्वळ दूर-जवळचा हिशोब म्हणणं भाबडेपणाचं आहे. पैसे कोणी दिले ते रेघेच्या खोलीत दिसतं.

[मलमलीने शाई पुसताना, ओला कागद, प्रेस]
पुढे फ्रान्सच्या तेराव्या लुईसाठी कालोनेच ला रोशेल या फ्रेंच शहराचा वेढा काढला. पुन्हा सहा प्लेट्स. १६२८ मध्ये शहर शरण आलं, तेव्हा सुमारे २७,००० पैकी पाचेक हजार माणसं उरली होती.

१६३३ मध्ये लुईने कालोचं स्वतःचं गाव, नान्सी, घेतलं. त्याचंही चित्र मागितलं. कालोने ते काढायला नकार दिला, असं त्याचे जुने चरित्रकार सांगतात.