उन्हाळी ट्रेकची औषधपेटी

(मुलांच्या उन्हाळी शिबिरातील स्वयंसेवकांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

ही माझी जुनी पिशवी. आज तुमच्यासमोर रिकामी करून पुन्हा भरणार आहे, कारण ती वर्षानुवर्षं मी चुकीची भरत होतो. कापूस, पट्ट्या, तीन मलमं, आयोडीन. म्हणजे मी फक्त जखमेला घाबरत होतो. मग एका मे महिन्यात राजगड चढताना बारा वर्षांचा एक मुलगा दर वळणावर बसायला लागला. पाणी नको म्हणाला, चिडचिड करू लागला, मग उलटी झाली. पिशवी उघडली, तर त्याच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. वाटेवरच्या ताकवाल्या मावशींनी त्याला सावलीत निजवलं, बूट काढले, मीठ घातलेलं ताक घोट-घोट पाजलं. तासाभरात तो बोलू लागला. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत पहिला मान ओआरएसला, म्हणजे पाण्यात घोळायच्या मीठ-साखरेच्या पाकिटाला.

हे पाकीट किरकोळ वाटतं, पण 1971 साली बांगलादेश सीमेजवळच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्यात ग्लुकोज आणि मीठ जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचं. एक लिटरचं पाकीट पेल्याभर पाण्यात ढवळून देताना मी चांगल्या शिकलेल्या माणसांना पाहिलंय. तसं करू नका. मिश्रण फार खारट होतं आणि मुलाचं नुकसान होतं. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. गोड सरबताचे डबे हा त्याला पर्याय नाही, त्यांत साखरच जास्त असते.

दुसरी वस्तू थर्मामीटर, आणि तिच्यासोबत एक मोठं सुती उपरणं. मूल असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी पॅरासिटामॉल देऊ नका. आजाराच्या तापात शरीर स्वतःच तापमान वाढवतं, ते हे औषध उतरवतं. उन्हानं तापलेल्या शरीरावर त्याचा काही उपयोग नाही. उपरणं भिजवून अंगावर टाका, पाणी ओतत राहा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. मूल नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता काय काढून टाकायचं ते. ब्लेड आणि करकचून बांधायची दोरी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कोणीही चावलं तरी चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळायचं नाही. अंगठी, कडं, पैंजण काढा, हातापायाला फळीचा आधार द्या, मुलाला चालवू नका, उचलून न्या. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, ही पिशवीत ठेवायची गोष्ट नाही. ते देताना गंभीर रिॲक्शन येऊ शकते, म्हणून रुग्णालयच हवं. कुठल्या रुग्णालयात ते आहे, हे निघण्याआधी फोन करून विचारा आणि कागदावर लिहा. मोबाइलला रेंज नसते, कागदाला बॅटरी लागत नाही.

कोकणात उतरणार असाल तर लाल विंचू लक्षात ठेवा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीनं त्याच्या दंशाचे मृत्यू कितीतरी कमी करून दाखवले. ती गोळी तुम्ही द्यायची नाही. पण भरपूर घाम, गार पडलेले हातपाय आणि उलटी दिसली, की थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

बाकी पिशवी लवकर भरते: निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे. फोड आला तर फोडू नका. बूट घासतोय असं वाटताच तिथे पट्टी लावा. मधमाशीचा काटा लगेच नखानं खरवडून काढा. चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर मात्र तो साधा दंश राहिला नाही, तत्काळ मदत मागवा. कुठलंही औषध देण्याआधी पालकांनी लिहून दिलेलं पाहा.

आणि ही पिशवी पुढे धावणाऱ्या उत्साही दादाकडे देऊ नका. ती सगळ्यात मागे चालणाऱ्या ताईकडे असू दे, कारण उन्हात ज्याला त्रास होतो, तो मागेच राहतो.